किल्ली कोणाला द्याल?

उन्नती आली त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर तेराचा पाढा अडला होता. तेरा आठं चौऱ्याण्णव की एकशे चार, यावर मुलांत दोन तट पडले होते आणि मी नेहमीप्रमाणे उत्तर न सांगता बसलो होतो. भांडून मिळालेलं उत्तर मूल सहसा विसरत नाही. फाटकाशी एक मुलगी खांद्याला जड पिशवी अडकवून उभी होती. ती भांडण मिटेपर्यंत थांबली, मध्ये बोलली नाही. मला ते आवडलं. नंतर वाटलं, तेवढ्यावरच मी तिला घरात घ्यायला नको होतं.

"सर, मी उन्नती. विरारला चंदनसारमध्ये राहते. एम.ए. करतेय, भाषाविज्ञानात. शेवटचं वर्ष आहे."

"भाषाविज्ञान म्हणजे व्याकरण?" रोवेनाने विचारलं. ती पाचवीतली, आणि तिला प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

"व्याकरण पण असतं. पण मी वेगळं करतेय. एखाद्याचं नुसतं बोलणं ऐकून आपण त्याच्याबद्दल काय काय ठरवून टाकतो, ते."

पिशवीतून तिने कॅसेट वाजवायचा टेपरेकॉर्डर काढला. कॅसेटवर सहा आवाज होते. सगळे एकच मजकूर सांगत होते: आगाशीच्या बाजारातून सरळ या, पिंपळापाशी डावीकडे वळा, विहिरीला लागून घर आहे, दारावर थाप मारा, आत आई असेल. कोणी शहरी मराठीत सांगत होतं, कोणी मिठागराकडच्या माणसासारखं 'पानी' म्हणत होतं, एक आवाज आमच्या घरच्या बोलीत होता. ऐकणाऱ्याने प्रत्येक आवाजाला एक ते पाच गुण द्यायचे. हा माणूस शिकलेला वाटतो का? स्वभावाने चांगला वाटतो का? अडीअडचणीला येईल का? आणि शेवटचा प्रश्न, परगावी जाताना घराची किल्ली याच्याकडे ठेवाल का?

आमची घरची बोली कागदावर नीट बसत नाही. म्हणून इथे सगळ्यांचं बोलणं मी शाळेतल्या मराठीतच लिहितो आहे. कोण कुठल्या बोलीत बोललं, ते गरज पडेल तिथे सांगेन.

मुलांना खेळ फार आवडला. तिसरा आवाज छडीवाल्या मास्तरांचा आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. दुसरा, शहरी मराठीतला, हुशार ठरला, पण त्याला किल्ली द्यायला कोणी तयार होईना. "तो किल्लीची नक्कल करून घेईल," मेलरॉय म्हणाला. पाचवा, आमच्या बोलीतला, शिकलेला वाटत नाही असं सगळ्यांनी लिहिलं आणि किल्ली त्यालाच दिली.

"हे आवाज कोणाचे आहेत, ताई?" रोवेनाने विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"का?"

"सांगितलं तर खेळ मोडतो," उन्नती म्हणाली आणि कॅसेट काढून घेतली. जरा घाईनेच काढली.

मुलं गेल्यावर रिटाने, माझ्या बायकोने, कप उचलता उचलता मला म्हटलं, "पोरगी गोड आहे. पण अहो, जी विचारते सगळं आणि सांगत काहीच नाही, तिला ओट्यावर बसवायचं की नाही ते तुम्ही बघा."

हे अठ्ठ्याण्णव सालचं, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातलं. तेव्हा आमच्या नंदाखाल गावात अनोळखी माणूस दिसला की लोक आधी त्याच्या हातात जमिनीचा नकाशा आहे का ते बघत. एखाद्या शेतात रातोरात मातीचे ढीग पडायचे आणि सकाळी कळायचं की ते शेत कधीच विकलं गेलंय. अशा दिवसांत घराघरांत जाऊन किल्ली कोणाला द्याल असं विचारणारी मुलगी म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मला त्यात अभ्यास दिसला. मुलांना शिकवत आयुष्य गेलं की अभ्यास म्हटलेल्या कुठल्याही गोष्टीला माणूस पाट मांडतो.

मी तिला ओळखीच्या घरांत नेऊ लागलो. तिला बरेच ऐकणारे हवे होते, लहान, मोठे, म्हातारे, आणि उपवासकाळ संपायच्या आत प्रबंध लिहायला घ्यायचा होता. तिच्या सरांनी बजावलं होतं, ऐकणारे कमी पडले तर प्रबंध स्वीकारणार नाही, वर्ष गेलं समज.

चौथ्या की पाचव्या दिवशी निकोलस आला. निकोलसची केळीची वाडी आमच्या मागेच आहे. तो फाटक उघडत नाही, ढकलतो.

"मास्तर, तुमच्या ओट्यावर पोरांना किल्ली कोणाला देणार असं विचारतात म्हणे."

"आवाजाला गुण द्यायचे असतात रे. अभ्यास आहे."

"चोरसुद्धा अभ्यास करूनच येतो." तो पायरीवर बसला. "काल ती माझ्या घरी आली. मी नव्हतो. बायकोने सगळ्यांना गुण दिले. मग ही विचारते, घरी बोलीत बोलता की मराठीत, मुलांशी कसं, सासूशी कसं, बाहेरच्या माणसाशी कसं. कोण कोणाशी कसं बोलतं हे तिला कशाला पाहिजे?"

"तेच तर शिकतेय ती."

"कोणासाठी शिकतेय ते विचारलंत? बिल्डरला माहीत पाहिजे असतं, कोणाला कुठल्या भाषेत गोड बोललं की तो सही करतो." तो उठला. "क्लेमेंटीन काकूकडे तिला नेऊ नका. तिकडे रविवारी काम आहे."

काम मला ठाऊक होतं. क्लेमेंटीनबाय ही निकोलसची काकू, माझ्याहून मोठी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी जुलियाना लग्न होऊन वांद्र्याला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तिला वाडी होत नव्हती. मागचा तुकडा विकायचा, पुढचं घर आणि विहीर ठेवायची, असं तिने ठरवलं होतं. त्या विहिरीवर निकोलसची केळी, आमचे अळू-पालकाचे वाफे आणि आणखी एक घर चालायचं. पंपाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. व्यवहार आग्नेल बघत होता. आग्नेल गावातलाच, माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला, आता विरारला त्याचं जागांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो टाइप केलेला कागद आणणार होता, क्लेमेंटीनबाय सही करणार होती आणि साक्षीदार म्हणून मी.

"आग्नेल आहे ना मध्ये," निकोलस फाटकाशी वळून म्हणाला, "म्हणून मला चिंता नाही. आपला माणूस आहे. पण ही पोरगी मध्ये नको."

मी तिला नेणार नव्हतो. पण क्लेमेंटीनबायनेच कुंपणावरून हाक मारली. सगळ्या गावाला आवाज ऐकवले आणि मला नाही, मी काय बहिरी झाले? म्हणून गुरुवारी आम्ही तिच्या ओसरीत बसलो. ती डोळे मिटून ऐकत होती, मांडीवर हात ठेवून, माळ जपताना बसते तशी. गुण मी लिहून घेत होतो.

दुसऱ्या आवाजाला ती म्हणाली, "हा माझ्याच घरात बसून माझाच चहा पिऊन मला घर दाखवील. किल्लीला एक लिहा. एकच्या खाली असेल तर ते लिहा."

"एकच्या खाली नाही, आजी," उन्नती म्हणाली.

"मग एक."

पाचवा आवाज लागला आणि तिचा चेहरा सैल झाला. "हा आपला. कुठेतरी ऐकल्यासारखा पण वाटतो. याला किल्ली दिली तर झोप लागेल मला. पाच."

मी पाच लिहिले आणि पेन तिथेच थांबलं. पाचव्या आवाजाने शेवटच्या वाक्याआधी, 'आत आई असेल' म्हणायच्या आधी, नाकाने एक छोटासा श्वास आत ओढला होता. मी वाचन शिकवलेलं आहे. कुठलं मूल कुठे श्वास घेतं हे मला त्याच्या अक्षराइतकं आठवतं. पूर्णविरामाच्या आधी एक वाक्य उरलं की असा श्वास घेणारा माझा एकच विद्यार्थी होता. धडा संपत आला याचा त्याला आनंद व्हायचा.

"परत एकदा लाव," मी म्हणालो. "दुसरा पण."

उन्नतीने माझ्याकडे पाहिलं. "सर, एकदाच ऐकवायचं असतं."

"मला ऐकव. बायचे गुण झालेत."

तिने नाइलाजाने लावला. दुसऱ्या आवाजातही, शहरी मराठीत, त्याच जागी तोच श्वास.

 क्लेमेंटीनबायने केळ्याचे वेफर्स दिले, ते खाल्ले. मग उन्नतीला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला निघालो. रस्ताभर निकोलसचं बोलणं माझ्या डोक्यात फिरत होतं. मुलगी शांत चालत होती, आणि आता ती शांतताही मला शिकवून पाठवल्यासारखी वाटत होती. ज्या घरात रविवारी सही व्हायची त्याच घरात ज्याच्या कागदावर सही करायची त्याचा आवाज घेऊन ती बसली होती. हा योगायोग म्हणायला मी तयार नव्हतो.

"आग्नेल तुझा कोण लागतो?"

ती जागीच थांबली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आधी माझं उत्तर दे."

"कोणी नाही, सर. आम्ही चंदनसारला फ्लॅट घेतला तो त्यांच्या ऑफिसमधून. तेव्हा ते बाबांशी एकदम प्रॉपर मराठीत बोलत होते. मध्येच फोन आला आणि ते तुमच्या बोलीत बोलायला लागले. माणूसच बदलला. मला असाच कोणीतरी हवा होता, दोन्ही सारखंच येणारा. मी किती शोधला. शिकलेल्यांची बोली पुस्तकी होते, गावातल्यांची मराठी अडखळते. त्यांचंच दोन्ही स्वच्छ होतं."

"म्हणजे सहा आवाज नाहीतच."

"पाच माणसं आहेत. ते दोनदा आहेत. बाकीचे मध्ये भरायला." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हीच पद्धत आहे, सर. तोंड एकच, मजकूर एकच. मग गुणांत फरक पडला तर तो माणसाचा नसतो, बोलीचा असतो. ऐकणाऱ्याला आधी सांगितलं तर तो सावध होऊन गुण देतो. म्हणून लपवायचं. सगळ्यांचं ऐकून झालं की मग जाऊन सांगायचं, असा नियम आहे."

हे सगळं शिक्षक म्हणून मला पटत होतं. त्यामुळे संशय कमी व्हायला हवा होता. झाला नाही.

"नंदाखालला ये असं कोणी सुचवलं?"

"त्यांनीच. म्हणाले, रॉबर्ट मास्तरांकडे जा, त्यांचा शब्द गावात चालतो."

"आणि कोणी काय गुण दिले, ते विचारलं त्याने?"

 समोरून केळीच्या लोंगरांनी भरलेला टेम्पो गेला, त्याच्या धुळीत ती रस्त्याच्या कडेला सरकली.

"दोनदा विचारलं. गमतीत. म्हातारी माणसं कुठल्या आवाजावर विश्वास ठेवतात, म्हणाले. मी नाही सांगितलं. सांगायचं नसतं." मग हळू आवाजात म्हणाली, "मला तेव्हा ते गमतीतच वाटलं."

खरं बोलते आहे का, हे मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होतो. शाळेत मला ते जमायचं. त्या दिवशी जमलं नाही. मग मी तिला रविवारचं सगळं सांगितलं: वाडी, विहीर, कागद, माझी साक्ष. ती ऐकत गेली आणि थांब्याच्या कठड्यावर बसली.

"तुम्ही आजींना सांगणार?"

"सांगितलं तर अर्ध्या तासात गावभर होईल. तुझा खेळ संपला."

"अजून बरेच ऐकणारे बाकी आहेत."

"ठाऊक आहे."

"सर, पण आग्नेल खोटं बोलतायत असं कशावरून? दोन्ही आवाज त्यांचेच आहेत. दोन्ही खरे आहेत. घरी ते तसेच बोलत असणार."

"मी कुठे म्हणतो खोटा आहे? मला माहीत नाही. क्लेमेंटीनबायलाही माहीत नाही. तिला फक्त पाचवा माहीत आहे."

एस.टी. आली. ती चढली, खिडकीशी बसली, माझ्याकडे पाहिलंही नाही. मी घरी येऊन रिटाला सांगितलं. रिटा म्हणाली, "आता ती येत नाही बघा. आणि आली तर आग्नेलला विचारून येईल." मलाही तसंच वाटत होतं. शुक्रवार गेला. ती आली नाही. क्लेमेंटीनबायला मीच सांगायचं ठरवलं, पण काय सांगणार होतो? श्वास ऐकला म्हणून? आग्नेल तिला मावशी म्हणतो, तिच्या नवऱ्याच्या शवपेटीला त्याने खांदा दिलेला. कॅसेटशिवाय तिने मला हसून वाटेला लावलं असतं.

शनिवारी दुपारी उन्नती आली. माझ्याकडे न येता सरळ क्लेमेंटीनबायच्या ओसरीत. मला रिटाने उठवलं. मी पोचलो तेव्हा टेपरेकॉर्डर पाटावर होता आणि निकोलस दारात कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आजी, माझा अभ्यास इथे संपला," ती म्हणत होती. "संपल्यावर खरं सांगायचं असतं, म्हणून आलेय. हा दुसरा आवाज." तिने लावला. "आणि हा पाचवा." तो लावला. "माणूस एकच आहे."

"काहीतरीच," निकोलस म्हणाला.

क्लेमेंटीनबायने त्याला हाताने गप्प केलं. "परत."

उन्नतीने परत लावलं. मग तिसऱ्यांदा. मी पाटाशी वाकून श्वासाची जागा बोटाने दाखवली. क्लेमेंटीनबाय आता डोळे मिटून ऐकत नव्हती. टेपरेकॉर्डरकडे बघत होती.

"आग्नेल," ती म्हणाली.



"बघा, काकू, हिला त्यानेच पाठवलीय," निकोलस म्हणाला. "नाहीतर हिच्याकडे त्याचा आवाज कसा?"

"तुझा आवाज पण असता तिच्याकडे, तुला दोन भाषा धड येत असत्या तर." मग ती उन्नतीकडे वळली. "मास्तर म्हणत होते, ऐकणारे कमी पडले तर तुझं वर्ष जाईल."

"बघू, आजी. दुसरं गाव शोधेन. दुसरा माणूस शोधेन. आमचे सर ओरडतील."

"चहा घेऊन जा," क्लेमेंटीनबाय म्हणाली. सहीबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं, उद्या आग्नेलला येऊ नको म्हणून निरोप देऊ का. ती म्हणाली, "का? त्याला येऊ द्या. बोलावलंय ना."

रविवारी मिस्सा सुटल्यावर तो आला. पांढरा शर्ट, चेहऱ्यावर ते जुनं हसू. आल्या आल्या वाकून तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, आमच्या बोलीत. मला 'मास्तर, पाढे पाठ आहेत अजून' म्हणाला. कागद टेबलावर ठेवला, पेनचं टोपण काढून पेन कागदावर आडवं ठेवलं. मी चष्मा लावून कागद ओढायला गेलो, तर क्लेमेंटीनबायने त्यावर हात ठेवला.

"तुम्ही नको, मास्तर. तो सांगू दे." आणि त्याला म्हणाली, "आग्नेल, आज आपल्या बोलीत नको. ऑफिसात बोलतोस तसं बोल."

तो हसला. "कशाला गं, मावशी?"

"मला ऐकायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढून ठेवला. तो शहरी मराठीत बोलायला लागला, आणि खरंच माणूस बदलला. पाठ ताठ झाली. 'मावशी' म्हणायला गेला आणि त्या भाषेत तो शब्द त्याच्या तोंडात बसेना, 'क्लेमेंटीनबाई' म्हणाला. मागचा भाग, चतुःसीमा, ताबा, सगळं नीट सांगितलं. वाईट काही बोलला नाही.

"आणि विहीर?" तिने विचारलं.

तो आमच्या बोलीत म्हणाला, "अगं, तुझ्या विहिरीला कोण हात लावतंय."

"हे तू मला तीन महिने सांगतोयस. त्या भाषेत सांग."

नाकाने एक छोटा श्वास आत गेला. मी मान खाली घातली.

"विहीर त्या गटातच येते, क्लेमेंटीनबाई. म्हणजे कागदावर ती पार्टीकडे जाते. पण वापराला कोणी अडवणार नाही. तसं तोंडी बोलणं झालेलं आहे."

"कोणाशी?"

"माझ्याशी."

"कागदात आहे?"

"कागदात असं घालत नाहीत."

दारात उभा निकोलस एक पाऊल आत आला आणि तिथेच थांबला.  क्लेमेंटीनबायने पेन उचललं, टोपण घातलं आणि पेन आग्नेलच्या खिशात स्वतःच्या हाताने अडकवलं, शाळेत जाणाऱ्या पोराच्या खिशात अडकवावं तसं.

"माझ्यावर विश्वास नाही, मावशी?" तो आमच्या बोलीत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि ते उतरणं खरं होतं असं मला आजही वाटतं.

"तुझ्यावर आहे रे. पण सही तो दुसरा घेऊन जाणार."

त्याला कळलं की नाही ठाऊक नाही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, तिच्या पाया पडला आणि निघाला. फाटकाशी त्याने मला विचारलं, "ती विरारची पोरगी इथे आली होती का, मास्तर?"

"आली होती," मी म्हणालो. "गुण कोणाला सांगत नाही ती."

उन्नतीचा प्रबंध त्या वर्षी झाला नाही. पुढल्या वर्षी झाला, दुसऱ्या गावात, दुसऱ्या आवाजावर. त्याची प्रत तिने मला आणून दिली. रोवेनाने ती पहिल्यापासून चाळली आणि किल्लीचा प्रश्न कुठे आहे ते शोधून दाखवलं. निकोलस मात्र अजून मला विचारतो, ती नक्की कोणाची माणूस होती. क्लेमेंटीनबायची विहीर त्याला पाणी देते, तरी विचारतो.

त्या रविवारी आग्नेल गेल्यावर क्लेमेंटीनबाय गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि मागच्या दाराकडे निघाली.

"कुठे?" मी विचारलं.

"पंप लावायला. आज निकोलसची पाळी."